क्रीम रंगाच्या बॅगेवरचा लाल डाग

१

दुकानाचं शटर अर्धं वर सरकलं होतं, तेवढ्यात कस्तुरा आली आणि पायरीवर बसली. अंजली ओव्हाळने कुलूप हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. ही बाई या वेळेला काळेवाडीत दिसता कामा नये. पुनावळ्याच्या त्या उंच सोसायटीत एव्हाना तिची पहिल्या घरची भांडी उरकलेली असायची.

"काय झालं, मावशी?"

"गेटावरून परत पाठवलं, ताई. वॉचमन म्हणला, ॲपवर तुमचा पास बंद दाखवायलाय."

"कुणी बंद केला?"

"पद्मजा मॅडमनी. त्या बॅगेपायी. तुम्ही साफ केली होती ना, ती."

बॅग अंजलीला चांगली आठवत होती. परदेशी, क्रीम रंगाची, लोण्यासारख्या मऊ चामड्याची. दुकानात आली तेव्हा तिची पार रया गेली होती. हाताच्या घामाने पट्टे काळवंडलेले आणि रोज जीन्सला घासून मागची बाजू निळसर पडलेली. अंजलीने मऊ ब्रशने मळ उचलला, तेलकटपणा काढला, मूळ छटेशी जुळवून रंगाचे पातळ हात फवारले आणि वरून पारदर्शक कोट दिला. कस्तुरा दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणून नवरात्राच्या आधी पद्मजाने बॅग तिच्याच हाती मागवून घेतली होती.

कस्तुराने मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री टाकलेला फोटो कुणीतरी तिला पाठवला होता. बॅगेच्या झाकणावर तळहाताएवढा लालसर डाग. खाली पद्मजाच्या नवऱ्याचा, सुरेंद्रचा मजकूर: मोलकरणीने बाथरूम धुण्याच्या ॲसिडचा हात बॅगेला लावला. मूळ कारण निश्चित. उद्या संध्याकाळी कमिटीत निर्णय.

"मी ते कपाट उघडलं बी नाही, ताई. नुसता आळ घ्यायलेत. आज कमिटीनं कायमचा पास बंद केला की बाकीची तीन घरं बी गेली. मग मी खाऊ काय?"

अंजली काही बोलणार तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. पद्मजाच होती, आणि आवाज साखरेत घोळलेला.

"अंजली, तुमच्या कामात दोष नाही हे आम्हाला मान्य आहे हं. फक्त संध्याकाळी कमिटीसमोर एवढं सांगा, की ॲसिडने असा डाग पडतो. तुम्ही एक्स्पर्ट आहात, तुमचं ऐकतील. नाहीतर मग तुमचाच रंग खराब होता, असं आम्हाला लिहावं लागेल."

म्हणजे कस्तुराचा गळा अंजलीच्या हाताने कापायचा, आणि तिने नाही कापला तर तिचाच कापायचा. अंजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आज दुपारीच येते," ती म्हणाली. "तोवर त्या बॅगेला कुणी हात लावू नका."

२

कस्तुराला स्कूटरवर मागे बसवून ती पुनावळ्याला पोचली. कस्तुराला गेटच्या बाहेरच थांबावं लागलं. आत येणाऱ्या पिझ्झावाल्याला कुणी अडवलं नाही.

वर फ्लॅटमध्ये सुरेंद्रने टीव्हीवर चक्क प्रेझेंटेशन लावलं होतं. तो चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीचा मॅनेजर. तिथे एखादा पार्ट बिघडला की 'का' विचारत मूळ कारणाला पोचायचं, अशी पद्धत. तीच त्याने बायकोच्या बॅगेला लावली होती.

"डाग का पडला? केमिकल लागलं. केमिकल का लागलं? हाताला होतं. हाताला का होतं? नवमीला सकाळी बाई बाथरूम घासत होती, ॲसिडची बाटली तिच्या हातात मी स्वतः पाहिली. म्हणजे मूळ कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा." तो हसला. "सॉरी, सवय झालीय. मोलकरणीचा."

अंजलीला हसू आलं नाही. तिच्या वडिलांची, धम्मरत्न यांची अख्खी हयात एका कंपनीत पेंटच्या लाइनवर गेली होती. रंग निकृष्ट आला, हवा दमट होती, मशीन जुनं होतं, काहीही असो. कागदाच्या शेवटच्या चौकटीत ऑपरेटरवरच खापर फुटायचं. पुढे ती स्वतः एम.एस्सी. होऊन चाकणला पेंटच्या लॅबमध्ये बसली, तेव्हाही तेच. अशाच एका कागदावर सही करायला नकार देऊन ती तिथून भांडून बाहेर पडली होती.

"तसंही चामड्यातलं तुम्हाला जास्त कळणार," पद्मजा कौतुकाने म्हणाली. ती हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरला होती आणि गोड बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. "तुमच्यात पिढीजातच असेल ना हे?"

अंजलीने पिशवीतून भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"माझ्या आजोबांनी गावाचं हे काम फेकून दिलं आणि गावही सोडलं," अंजली म्हणाली. "वडिलांनी चामड्याला बोटसुद्धा लावलं नाही. मी केमिस्ट्री शिकले आणि माझ्या मर्जीने, माझ्या दुकानात हे काम करते. पिढीजात माझ्याकडे फक्त राग आहे, मॅडम. बॅग द्या."

पद्मजाने बॅग आणून दिली. अंजली ती उजेडात, गॅलरीत घेऊन गेली आणि भिंग डोळ्याला लावलं.

रंग खालून वर आलेला नव्हता. बाहेरून आत शिरला होता. वरच्या पारदर्शक कोटावर बारीक, गोल गोल ओरखडे होते, जणू कुणी काहीतरी खरखरीत घेऊन जीव तोडून घासलं होतं. शिवणीत नारिंगी रंगाचा एक कण अडकला होता. आणि झाकणाच्या आतल्या घडीत होता तांदळाचा एक दाणा, एका टोकाला गुलाबी. खाताना सांडला असेल, असं वाटून ती तो झटकणार होती. पण कच्चा तांदूळ कोण खातं? तिने तो टिश्यूत गुंडाळून खिशात टाकला.

गॅलरीतल्या नळाखाली तिने हात धुतले. शेजारी हात धुण्याच्या पेस्टचा डबा होता, कारखान्यात ग्रीस काढायला असतो तसला. तिने बोटभर घेतली. पेस्ट वाळूसारखी बोचत होती.

"तुझं बी हात मशिनीचं हाय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं, आणि ती दचकली.

३

कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णासाहेब बसले होते. सुरेंद्रचे वडील, मूळचे पुनावळ्याचेच. जिथे आता हे टॉवर उभे आहेत तिथे एके काळी त्यांचा ऊस होता. पायाशी पाटावर विळा आणि कोयता मांडलेला, आणि वर झेंडूची सुकलेली फुलं.

"बॅगा साफ करते मी, अण्णा."

"ब्येस काम हाय." त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. "खंडेनवमीला पुजलं समदं. आता ऊस न्हाई, रान न्हाई, पर ज्याचं त्याचं हत्यार पुजाया नगं? पोराचा लॅपटॉप पुजला, त्येच्या फटफटीची चावी पुजली. देवळात जायाच्या आदी माजं हेच काम. त्येला आवडत न्हाई, पर गप बसतो बिचारा."

"आणि सूनबाईंना आवडतं?"

म्हातारा ओशाळून हसला. "तिला हळदीकुकवाचं डाग नगं वाटत्यात. लई बोलती मला. पर मनानं वाईट न्हाई." मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आगं, ती कस्तुरा आज आली न्हाई. सुरेंद्र म्हनला, गावी गेलीया. मला सांगितल्याबिगर कदी जात न्हाई ती."

अंजलीचा टॉवेल हातातच राहिला. कस्तुरा खाली गेटपाशी उन्हात बसली होती. सगळ्या सोसायटीला तिच्यावरचा आळ ठाऊक होता आणि या एका माणसाला तो कळू दिलेला नव्हता.

"अण्णा, कस्तुरा मावशी..."

काचेचं दार सरकलं. सुरेंद्र उभा होता.

"अण्णा, ऊन आलंय. आत चला," तो म्हणाला. अंजलीकडे मात्र त्याने बघितलं नाही.

४

सुरेंद्र वडिलांना आत घेऊन गेला आणि त्याची नि पद्मजाची मुलगी मधुवंती गॅलरीत आली. कॉलेजात शिकणारी, तोंडावर धास्ती.

"ताई, आईला सांगू नका हां. अष्टमीला दांडियाला मी ती बॅग गुपचूप नेली होती. माझ्यामुळे तर नाही ना झालं?"

तिच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत खांद्याला क्रीम बॅग लटकत होती, दिव्यांखाली पांढरीफटक, डागाचा मागमूस नाही.

"परत कपाटात ठेवलीस तेव्हा?"

"तेव्हाही स्वच्छच होती. पण कपाटात नाही ठेवली. उशीर झाला होता, आई उठली असती. हॉलमध्येच खुर्चीवर ठेवली. सकाळी आईनेच उचलली असेल असं वाटलं."

म्हणजे नवमीच्या सकाळी बॅग हॉलमध्ये होती, कुणाच्याही हाताला लागेल अशी. अंजलीने विचारलं, "आई नवमीला घरी होती?"

"छे, पहाटेच ऑफिसला गेली. ही बॅग दसऱ्यासाठी जपून ठेवलेली, म्हणून जुनीच नेली. पप्पा होते. सकाळभर बाइक धूत होते पार्किंगमध्ये, दसऱ्यासाठी. दुपारी कंपनीतल्या पूजेला गेले."

"आणि हा पेस्टचा डबा?"

"पप्पांचाच. बाइकचं काम केलं की लागतो त्यांना. आम्ही नाही लावत, फार खरखरीत आहे."

अंजलीने मनाशी जुळवून पाहिलं. खरखरीत पेस्ट आणि गोल ओरखडे. नारिंगी कण. हे तर सरळच होतं. पण पेस्टने क्रीम चामडं लाल होत नाही. तिच्या कोटाने तर नाहीच नाही. लाल व्हायला त्याआधी तिथे दुसरं काहीतरी असायला हवं होतं. तिने खिशातला टिश्यू उघडून त्या दाण्याकडे पुन्हा बघितलं. एका टोकाला गुलाबी, कच्चा तांदूळ. ही अक्षता होती, कुंकू लागलेली.

"मधुवंती, घरात लिंबू आहे?"

मुलीने लिंबू कापून आणलं. अंजलीने कापसाच्या बोळ्यावर थेंबभर रस घेतला आणि डागाच्या अगदी कडेला टेकवला. दोघी बघत राहिल्या. लाल रंग विरला आणि त्या जागी लखलखीत पिवळा उमटला.

"ई! हे काय?" मधुवंती ओरडली.

"हे तुझ्या पप्पांच्या प्रेझेंटेशनमध्ये नाही, ते कारण," अंजली म्हणाली.

५

संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी उद्धवराव फाइल घेऊन हॉलमध्ये बसले. बँकेतून निवृत्त झालेले, नियमाला पक्के आणि घाईत.

"तर ॲसिड. मॅडम, तुम्ही दुजोरा देताय ना?"

"नाही. हा डाग हळदीचा आहे," अंजली म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून हळद मागवली आणि पांढऱ्या रुमालावर ओल्या बोटाने दोन टिकल्या लावल्या. एकीवर लिंबू पिळलं. "लिंबू आंबट, ॲसिडही त्याच जातीचं. बघा, हळद पिवळीच राहिली. कस्तुराच्या हाताला ॲसिड असतं तर हा डाग लाल झालाच नसता. असलेला लालही पिवळा झाला असता." मग दुसऱ्या टिकलीवर तिने नारिंगी पेस्ट चोळली. टिकली बघता बघता रक्तासारखी लाल झाली.

"अय्या, हो!" पद्मजाच्या तोंडून निघून गेलं. "हळदीला साबण लागला की असंच होतं. माझ्या लग्नातली साडी अशीच गेली."

"तुम्हाला माहीत आहे. कस्तुरा रोज चार घरचे हळदीचे डाग धुते, तिलाही माहीत आहे. म्हणजे हळदीवर साबण घासणारा माणूस असा, ज्याने जन्मात कधी हळदीचा डाग धुतला नाही. आणि ज्याच्या हाताशी ही पेस्ट होती."

सगळ्यांच्या नजरा सुरेंद्रकडे वळल्या. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने हार मानली नाही.

"काहीतरीच काय! बॅगेवर हळद येईल कुठून? हळद लावतं का कुणी बॅगेला?"

"तेच विचारायचंय. अण्णांना बोलवा."

"अण्णांना यात ओढायचं नाही!" तो ताडकन उठला.

"का? ते घरचे, आणि कस्तुरा वाऱ्यावरची?"

आवाज ऐकून अण्णासाहेब स्वतःच बाहेर आले. अंजलीने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे विचारलं, "अण्णा, खंडेनवमीला तुम्ही काय काय पुजलं?"

"सांगितलं की. इळा, कोयता, ह्येचा लॅपटॉप, चावी." ते थांबले आणि सुनेकडे पाहून जरा भीत भीत म्हणाले, "आन् सूनबाईची ब्याग. खुर्चीवर नवी होऊन बसली व्हती. रोज तीच खांद्याला लावून कामाला जाती, मंग तिचं हत्यार तेच की. म्हनलं, समद्यांचं पुजायचं आन् तिचंच ऱ्हावं का? पाटावर मांडून हळदकुकू लावलं, अक्षता टाकल्या आन् देवळात गेलो. आलो तवा ब्याग न्हवती. सुरेंद्रनं ठिवली आसंल आत. का? काय झालं?"

पद्मजाने टेबलावरची बॅग जवळ ओढून घेतली. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्या कामाची पूजा केली असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सुरेंद्र खाली बघून बोलू लागला. "बाइक धुऊन वर आलो, गॅलरीत हाताला पेस्ट लावली. पाटावर बॅग दिसली, हळद लागलेली. म्हटलं, ही आता अण्णांना फाडून खाणार. पटकन पुसायला गेलो तर लालच झाली. जितकी घासली तितकी लाल. मग कपाटात ठेवून दिली."

"आणि कस्तुरा?" अंजलीने विचारलं.

"मला वाटलं, तिला काय, दुसरीकडे काम मिळेल."

अंजली इतका वेळ आवाज खाली ठेवून बोलत होती. आता तिला ते जमेना.

"तिला काय? बापाला बायको बोलेल म्हणून तुम्ही एका बाईची चारही घरं मोडायला निघालात! वर टीव्हीवर चित्रं काढून सिद्ध करताय! बापाची माया मला कळते. पण तिची किंमत कस्तुराने का भरायची? खाली गेटबाहेर बसलीय ती दुपारपासून. कुणी पाणी तरी विचारलं का?"

"ताई, हळू," सुरेंद्र अजिजीने म्हणाला. "आपण इथंच मिटवू. पास चालू करतो. ग्रुपवर टाकतो, की गैरसमज झाला होता."

"कसला पास? कोन बसलंय गेटावर?" अण्णासाहेबांनी विचारलं. मधुवंतीने आजोबांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा दगड झाला.

"गावी गेलीया म्हनलास मला," ते मुलाला म्हणाले. "माजी ढाल करून त्या बाईला मारलंस व्हय रं? काढ तो मोबाइल. गैरसमज न्हाई लिवायचा. जितं तिचं नाव लिवलं, तितंच लिव्ह. तुज्या नावानं लिव्ह. मी हितं बसलोय."

सुरेंद्रने पद्मजाकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही. त्याने लिहिलं: बॅग मी खराब केली. कस्तुराबाईंचा काहीही दोष नाही. मी खोटं बोललो.

उद्धवरावांच्या खिशातला फोन वाजला, मग मधुवंतीचा, मग शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणाचा तरी. उद्धवरावांनी फाइल मिटली आणि ॲपवर कस्तुराचा पास चालू केला.

६

अण्णासाहेब काठी टेकत स्वतः खाली उतरले. मागोमाग अंजली, आणि तिच्या मागे बॅग छातीशी धरून पद्मजा.

"हे निघेल का हो?" लिफ्टमध्ये तिने विचारलं. आवाजातली साखर आता गेली होती.

"निघेल. लिंबाने लाली जाईल आणि उरलेली हळद रोज थोडं ऊन दाखवलं की उडेल. वरचा कोट मात्र पुन्हा द्यावा लागेल."

"मग तुमच्याकडेच देते."

"माझ्याकडे नको," अंजली म्हणाली. "हे काम मी घेणार नाही."

गेटबाहेर कस्तुरा फुटपाथच्या कडेला बसली होती. वॉचमनने मोबाइल उंचावून हाक मारली, "मावशी, पास चालू झाला बघा!" ती उठली, पण आत आली नाही. अण्णासाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मला ठावं न्हवतं, बाई. माज्यापायी झालं समदं. चल वर."

"तुमच्यापायी नाही, अण्णा. तुम्ही हात जोडू नका," कस्तुरा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. तिने त्यांच्या खांद्यावरून पद्मजाकडे पाहिलं. पद्मजाने मान खाली घातली.

मग कस्तुरा वॉचमनकडे वळली. "दादा, माझ्या पासावर चार घरं लिहिल्यात ना?"

"हो."

"त्यातलं यांचं घर काढून टाका."

वॉचमन गोंधळला. घरवाले बाईला काढतात हे त्याने रोज पाहिलं होतं, पण हे असं उलटं त्याच्याही पाहण्यात नव्हतं. त्याने अण्णासाहेबांकडे बघितलं. म्हाताऱ्याने मान हलवली.

"काढ," ते म्हणाले.

वॉचमनने बोट दाबलं आणि मोबाइलचा पडदा कस्तुरासमोर धरला. तिने तो नीट बघितला, पदर खोचला आणि गेटातून आत जाऊन पलीकडच्या इमारतीकडे वळली. तिथल्या तिन्ही घरची भांडी सकाळपासून तशीच पडली होती.